तांबडीचं शिंग आणि मायची करंगळी

आमच्या घरात माप घ्यायचं म्हणलं की मायची करंगळी. भाताच्या पातेल्यात पाणी किती, तर करंगळीचं एक पेर. वासराच्या गळ्यातलं दावं घट्ट झालंय का, करंगळी घालून बघायचं. आणि आमच्या तांबडीचं उजवं शिंग तिच्या कानशिलापासून किती लांब आहे हे बी माय करंगळीनंच बघती. मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणीला बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावून झालं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणून झालं, मग उरलेलं लोणी घेऊन माय तांबडीकडं गेली आणि तिथूनच ओरडली, "आरं हिचं शिंग बघ बरं, करंगळी जायना झाली." मी मोबाईलवर सोयाबीनचा भाव बघायलो होतो. मान वर न करता म्हणलो, जातंय की, तुझं बोट जाड झालंय.

ते बोललेलं अजून डोक्यातून जाईना म्हणून हे लिहायलोय. कुणाच्या दावणीला असं शिंग वळलेलं जनावर असंल तर वाचा, नसंल तर सोडून द्या.

तांबडी म्हणजे आमची लाल कंधारी जातीची गाय. आमचा भाग मन्याडच्या काठचा, हिकडून कंधार-मुखेड जवळ, तिकडून उदगीर-देवणी, त्यामुळं गावात निम्म्या दावणीला लाल कंधारी आणि निम्म्या दावणीला देवणी, आणि कुणाची गाय भारी यावरून पारावर जे भांडण चालतं ते काय माझ्या हयातीत मिटत नाही. लाल कंधारीचं शिंग तसं सुबक असतं, फार लांब नाही, दोन्ही बाजूला सारखं वळलेलं. तांबडीचं डावं शिंग अजून तसंच आहे. उजवं बिघडलं ते २०१६ ला. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते साल. आमची जनावरं चारा छावणीत होती, तांबडी तेव्हा तीन वर्षांची कालवड, आणि छावणीत जनावर जनावराला खेटून बांधलेलं, ऊस टाकला की सगळ्यांची एकच झुंबड. शेजारच्या कुणाच्या तरी बैलानं हिसडा दिला आणि हिच्या उजव्या शिंगाचं वरचं टरफल सगळंच्या सगळं निघून खाली पडलं. मी ते हातात घेतलं तर आतून पोकळ, गरम, ओलं. आणि तिच्या डोक्यावर काय राहिलं तर एक लालभडक बोंडूक, त्यातून थेंब थेंब रक्त. मला तेव्हा वाटलं शिंग मोडलं, आता काय उगवत नाही. पण उगवलं. फक्त खडबडीत उगवलं, मेणबत्ती वितळावी तसं, आणि बाहेर जायच्या ऐवजी पुढं येऊन खाली वळलं.

ह्याचं कारण मला खूप नंतर कळलं. आपण म्हणतो शिंग म्हणजे नख. ते अर्धंच खरं आहे. वरचं टरफल नखासारखंच, त्याला कापलं तर काही कळत नाही, पण त्याच्या आत कवटीचंच हाड गेलेलं असतं आणि हाडावर रक्तानं भरलेली कातडी. वरचं टरफल तीच बनवती. ती कातडी फाटली, चेंगरली की पुढं शिंगाला वळण कसं लागंल ते सांगता येत नाही. आणि अजून एक, मोठ्या जनावराच्या शिंगातलं हाड भरीव नसतं, पोकळ असतं, आणि ती पोकळी सरळ कपाळातल्या पोकळीला जोडलेली, तिथून नाकाला. म्हणजे शिंग बुडातून कापलं तर तुम्ही डोक्याचं दारच उघडलं. हे मी कुठं वाचून नाही सांगत, डोळ्यानं बघितलंय, ते पुढं येतंच.

तर पोळा गेला. मग गणपती, मग महालक्ष्म्या, मग पाऊस उघडंना म्हणून सोयाबीन काढायची घाई, मजूर मिळंना, मळणीयंत्र मिळंना. रोज सकाळ-संध्याकाळ मी तांबडीपुढं कडबा टाकायलोय, सरकी पेंड ठेवायलोय, तिच्या तोंडाकडं बघायलोय आणि तरी शिंग दिसंना. रोज बघितलेली गोष्ट वाढलेली दिसतच नाही हो. पुण्याहून सहा महिन्यानं आलेल्या पाव्हण्याला पोरगं उंच झालेलं लगेच दिसतं, आपल्याला पँट आखूड झाल्यावर कळतं.

दिवाळी झाली, पाडव्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माय धार काढून आली (शेजारच्या गाईची, तांबडी तेव्हा आटलेली होती, सहावा महिना चालू) आणि म्हणली, तांबडीजवळ वास यायलाय. मी म्हणलो शेणाचा असंल. "मला शेणाचा वास शिकीव आता," म्हणली. गेलो बघायला. तांबडी मान एका बाजूला वाकडी करून भिंतीकडं तोंड करून उभी, उजवा कान खाली पडलेला, आणि डोळ्याच्या मागं दोन बोटांवर, जिथं शिंगाचं टोक टेकतंय तिथं, केसं गेलेली, कातडी पांढरी पडून ओली झालेली, माश्या घोंगावायल्या. करंगळीच काय, मी खिशातली दहाची नोट घालून बघितली, ती बी जाईना. टोक कातडीत रुतलेलं होतं. जरा मान धरून वर उचलायला गेलो तर तिनं असा झटका दिला की मी गव्हाणीत. आणि तेवढ्यात मला त्या फटीत काहीतरी पांढरं हललेलं दिसलं.

किडे पडले होते.

आता इथं गावाकडं प्रत्येकाकडं औषध असतं. एकजण म्हणला डांबरगोळी कुटून भर. एकजण म्हणला सीताफळाचा पाला वाटून लाव. आमच्या शेजारचा दादा तर हॅक्सॉ ब्लेड घेऊनच आला, म्हणला पाच मिनिटाचं काम, धर तू मान. खरं सांगतो, माझं मन झालं होतं. टोक तर कापायचंय, नख कापल्यासारखं. पण मला आमच्या राजाची आठवण आली आणि मी त्याला म्हणलो, दादा, चहा घे, ब्लेड ठेव खाली.

राजाचं सांगतो. चार-पाच वर्षांमागची गोष्ट. राजा आणि सर्जा ही आमची देवणी जोडी, दोघंबी वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंड काळं. राजाचं एक शिंग दुसऱ्यापेक्षा चारेक बोटं लांब. पोळ्याच्या आधी शिंगं साळणारा एक माणूस गावात आला होता, त्यानं रंध्यासारख्या पात्यानं सगळ्यांची शिंगं साळून गुळगुळीत केली, आणि आमच्या दारात आल्यावर म्हणला, मालक, जोडी सारखी दिसायला पायजे, लांब शिंग बरोबरीला आणून देतो. मी हो म्हणलो, चूक माझीबी आहेच. त्यानं बांधून आरी चालवली. पहिल्यांदा पांढरा भुसा पडला, मग गुलाबी भुसा, आणि मग रक्ताची चिळकांडी उडाली ती थेट माझ्या बनियनवर. बैल खाली बसला. त्या माणसानं चुलीतली राख दाबली, फडकं बांधलं, "व्हतंय नीट" म्हणला आणि पैसे घेऊन पुढच्या गल्लीत गेला. दुसऱ्या दिवशी पोळ्याला राजाला मिरवलाच नाही.

रक्त थांबलं. पण चार दिवसांनी सकाळच्या पारी, पावसानं जरा गारवा होता, मी फडकं सोडून बघितलं तर शिंगाच्या कापलेल्या तोंडाला बोट जाईल एवढं भोक, आणि बैलानं श्वास सोडला की त्या भोकातून वाफ बाहेर यायची. शिंगातून श्वास घ्यायलाय बैल! मला घाम फुटला. दवाखान्यात नेला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, कपाळाची पोकळी उघडी पडली, आत राख गेली, कडब्याचा भुसा गेला, आता पू होणार. झालाच. त्या बाजूच्या नाकपुडीतून पिवळा घाण वासाचा शेंबूड, मान वाकडी, चारा सोडला. महिनाभर आत धुणं, इंजेक्शन, जाळीचं कापड लावून भोक झाकणं, तेव्हा कुठं भरलं. नुसतं दिसण्यासाठी. जोडी सारखी दिसावी म्हणून.

म्हणून तांबडीच्या वेळी मी १९६२ ला फोन लावला. हा सरकारचा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, बऱ्याच लोकांना अजून माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. त्या दिवशी गाडी दुसरीकडं गेलेली होती, मग तालुक्याचे डॉक्टर दुपारून आले. आल्या आल्या पहिला प्रश्न, गाभण आहे का? किती महिन्याची? हे तुम्हाला कुणी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगा, कारण जनावराला गुंगीचं जे इंजेक्शन देतात त्यातलं एक असं आहे की त्यानं गर्भाशय आवळतं, शेवटच्या तीन महिन्यांत तर ते टाळतातच. डॉक्टरांनी गुंगी दिलीच नाही. म्होरकी घालून लिंबाच्या बुंध्याला मान आवळून बांधली, दोघांनी धरली, आणि फक्त शिंगापुरती भूल दिली. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं बूड, ह्याच्या बरोबर मधी हाडाची एक कड हाताला लागती, तिच्या खालून शिंगाची नस जाती, तिथं सुई. मग दहा मिनिटं नुसतं थांबलो. ह्या दहा मिनिटांचं मला लई कौतुक वाटलं, कारण आपल्याकडं सुई टोचली की लगेच कापायला सुरुवात करणारे बी बघितलेत.

तेवढ्या वेळात डॉक्टरांनी मला शिंग बुडापासून टोकापर्यंत तळहातानं धरायला लावलं. "कुठपर्यंत गरम लागतंय बघा." बुडाशी चांगलं गरम, मधी कोमट, टोकाकडं गार. गरम आहे तिथपर्यंत आत रक्त आहे, असा अंदाज. अंदाजच, माप नव्हे, उन्हात उभ्या जनावराचं तर सगळंच शिंग गरम लागतं. पण राजाच्या वेळी त्या माणसानं एवढं जरी हात लावून बघितलं असतं तर.

मला वाटलं आरी काढतील. त्यांनी पिशवीतून एक तार काढली, पिळाची, बारीक, दोन टोकांना दोन मुठी. पोटात मेलेलं वासरू कापून काढायची तार असती ती. टोकाच्या मागं तार अडकवली, एक मूठ त्यांनी धरली, एक माझ्याकडं दिली, आणि खाली-वर खाली-वर. दहा-बारा ओढीत धूर निघाला. वास कसा, तर केस जळाल्याचा, तव्याला पदर लागावा तसा. माय नाकाला पदर लावून तांबडीच्या मानेवरून हात फिरवायली आणि तिला म्हणायली, झालं झालं माझे माय, झालं. तांबडीनं एकदाच शेपूट झटकली. मिनिटाच्या आत टोक तुटलं, पण खाली पडलं नाही! कातडीत रुतलेलं तसंच लटकून राहिलं. ते डॉक्टरांनी चिमट्यानं हळूच ओढून काढलं तेव्हा मात्र मी तोंड फिरवलं. माय नाही फिरवलं. तिनं किडे मोजले, सत्तावीस.

टर्पेंटाईनचा बोळा लावला की किडे आपसूक वर येतात, मग चिमट्यानं एकेक काढायचे, घाईनं ओढला आणि तुटला तर तुकडा आत राहतो. मग जखम धुतली, मलम, माश्या बसू नयेत म्हणून फवारा, आणि एक किड्यांचं इंजेक्शन. शिंगाच्या कापलेल्या तोंडावर मधोमध एक गुलाबी ठिपका दिसत होता, हरभऱ्याएवढा, त्यातून जरासं रक्त पाझरायलं. मायनं चुलीत उलथणं लाल करून आणलं, डॉक्टरांनी ते टेकवलं, चर्र झालं, थांबलं. डॉक्टर जाताना म्हणले, "अजून अर्धा इंच मागं कापलं असतं तर रक्त थांबवायला माझीच पळापळ झाली असती. हे पोळ्यालाच बोलवायला पायजे होतं की, तेव्हा नुसतं टोक घासून भागलं असतं, भूल बी लागली नसती." मायनं माझ्याकडं बघितलं. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

जखम भरायला पंधरा-वीस दिवस लागले. आता तिथं केस आलेत पण पांढरे आलेत, तांबड्या गाईच्या कानशिलावर पांढरा टिळा.

आता एक गोष्ट लिहायलाच पायजे कारण तिच्यामुळं आमच्या आबांचा बैल जवळजवळ गेला होता. राजाच्या नाकातून शेंबूड यायला ते आबांनी बघितलं होतं. आबा म्हणजे माझे चुलते. त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांच्या खिल्लारी बैलाच्या बी एकाच नाकपुडीतून तसलाच घाण वासाचा शेंबूड यायला लागला, मधून मधून रक्ताचा तार. मान एका बाजूला पाडायचा, डोकं झटकायचा, बाभळीला शिंग घासत उभा राहायचा. आबा म्हणले, जुवाचा मार लागला असंल, नाहीतर शिंगात काहीतरी गेलं असंल, राजासारखंच आहे, होतंय बरं. हळद-तेल चालू. पण ह्याचं शिंग तर कुणी कापलेलं नव्हतं! मग पोकळीत जाणार काय आणि कुठून? हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोन महिन्यांनी शिंग बुडाशी मऊ लागायलं, धरून हलवलं तर हालायलं, आणि एका बाजूला झुकायलं, खिल्लारीचं ते लांब शिंग कमानीसारखं मागं गेलेलं असतं, ते खालीच आलं.

उदगीरला जनावरांचं कॉलेज आहे, तिथं टेम्पोत घालून नेला. शिंगाचा कॅन्सर निघाला. मला वाटायचं कॅन्सर माणसालाच होतो. शिंगाच्या आतल्या पोकळीचं जे अस्तर असतं त्याला होतो तो, आणि आपल्या देशी जनावरातच जास्त, त्यातबी बैलात सगळ्यात जास्त, गाईत कमी, वळूत तर क्वचित. बडवलेल्या, म्हणजे खच्ची केलेल्या, जनावरात जास्त दिसतो म्हणून हार्मोनचा काहीतरी संबंध असावा असं म्हणतात, आणि जुवाचं घासणं, शिंगं साळणं, ऑइल पेंट मारणं ह्याच्यावर बी संशय घेतात. बहुतेक पाच ते दहा वर्षांच्या, म्हणजे ऐन कामाच्या बैलात. तिथं शिंग बुडातून काढून कातडी वरून ओढून शिवून टाकली, म्हणजे राजासारखं उघडं भोक राहत नाही, आणि नंतर दर आठवड्याला शिरेतून इंजेक्शन, माणसाच्या कॅन्सरलाबी वापरतात तेच, व्हिन्क्रिस्टिन. बैल वाचला. दोन वर्षं औताला चालला, एक शिंगी. पोरं त्याला गेंडा म्हणायची, आबांना राग यायचा.

तर सांगायचं काय, शिंगाला मार लागलेला नाही, कापलेलं नाही, आणि एकाच नाकपुडीतून रक्ताचा शेंबूड, मान वाकडी, डोकं झटकणं असं दिसलं तर हळद-तेल करत बसू नका. शिंग हालायच्या आधी नेलं तर फरक पडतो. आमच्या घरी मी तेव्हापासून ऑइल पेंट बंद केला, आता नुसता गेरू आणि वर बेगड. पेंटमुळंच होतो असं काही माझं म्हणणं नाही, पण शिंग साळून साळून पातळ करायचं आणि वर थिनरचा रंग फासायचा हे मला आता बघवंना. गल्लीतली पोरं म्हणतात तुमचे बैल जुन्या काळातले दिसतात. दिसू द्या.

(साळण्यावरून आठवलं. गाईच्या शिंगावर वेढे असतात बघा, साधारण एका वेताला एक धरतात, त्यावरून माय गाईचं वय सांगती. तांबडीच्या डाव्या शिंगावर सात आहेत आणि वेतंबी सातच. पण बाजारात वेढे कानशीनं घासून म्हाताऱ्या गाईला तरणी करणारे पडलेत. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात माझे एक मामा गाय बघताना आधी दात बघतात आणि मग शिंगावर नख फिरवतात, शिंग जास्तच गुळगुळीत लागलं की दुसऱ्या दावणीला चालू लागतात. एक शब्द बोलत नाहीत.)

लोक म्हणतील एवढा कुटाणा कशाला, लहानपणीच शिंग जाळून टाकावं. डेअरीवाले तेच करतात आणि बरोबरच करतात. माझ्याकडं एक एचएफ क्रॉस (परदेशी होल्स्टीन जातीची संकरित) गाय आहे, तिच्या कालवडीचं मी केलं, तीन आठवड्यांची असताना. वासराची शिंगाची कळी पहिले दोन महिने नुसती कातडीतच असती, बोटानं हलवली तर सरकती, कवटीला चिकटलेली नसती. तेवढ्यात भूल देऊन गरम लोखंडानं कळीच्या भोवतीचं कडं डागलं की विषय संपला. एकदा कळी हाडाला चिकटली की ते डागणं राहत नाही, ऑपरेशन होतं. कॉस्टिकची कांडी घासायचा बी एक प्रकार आहे, तो अजून लहान वासराला, पहिल्या आठवड्याभरात, पण पावसाळ्यात ते करू नका, पाण्यानं ते ओघळून डोळ्यात जातं, आणि वासरू आईजवळ सोडलं तर तिच्या कासेला भाजतं. आणि हे सगळं डॉक्टरकडूनच, भूल देऊनच. २०२३ चा केंद्राचा नियमच आहे तसा, शिंग काढणं असो की बैल बडवणं असो. गावात किती जण पाळतात ते सोडा.

पण लाल कंधारीच्या गोऱ्ह्याचं शिंग जाळायचं? मायला विचारलं तर म्हणली, "मग पोळ्याला शेंब्या कुठं घालू, तुझ्या कानाला?" शेंब्या म्हणजे शिंगाच्या टोकाला घालायची टोपणं. ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. भुंडा बैल बाजारात निम्म्या किमतीला बी कुणी विचारत नाही हे खरं आहे, आणि खरं सांगायचं तर मलाबी बघवणार नाही. गोठ्यात वीस-पंचवीस मोकळ्या गाई असतील तर शिंग काढा, दोन-चार बांधलेली देशी जनावरं असतील तर राहू द्या आणि लक्ष ठेवा. माझं आपलं असं मत आहे. ह्यावर माझं आणि डॉक्टरांचं पूर्ण जमत नाही.

लक्ष ठेवणं म्हणजे काय तर, टोक डोळ्याकडं किंवा कानशिलाकडं वळायलंय असं वाटलं की वर्षातून एक-दोनदा नुसतं टोक कानशीनं घासायचं, नखभर, गार भागातलं. शिंग बुडातून वाढतं, टोकाला नाही, म्हणजे आज कापलेलं टोक वर्षानं परत तिथंच ढकललं जाणार, वळण काही बदलत नाही. एकदा कापलं आणि सुटलो असं नसतंय. मोठं कापायचं झालं तर थंडीत, माश्या कमी असताना, पावसाळ्यात नको. आणि जखम दिसली तर त्याच दिवशी.

२०२२ ला लम्पी आली होती तेव्हा माय दिवसातून तीनदा सगळ्या जनावरांच्या अंगावरून हात फिरवायची, गाठ लागती का म्हणून. ती सवय तिची गेली नाही, माझी गेली. शिंगाचं तुटलेलं टोक तिनं फेकलं नाही. चार बोटं लांब, एका बाजूनं काळं, कापलेल्या तोंडाला मधोमध तो गुलाबी ठिपका आता तपकिरी झालाय. गोठ्याच्या खुंटीला सुतळीनं अडकवून ठेवलंय. मी विचारलं कशाला ठेवलंय, तर म्हणली, तुला दिसावं म्हणून.

तांबडी माघात व्याली, कालवड झाली, तिला अजून कळ्या आल्या नाहीत. काल अमावस्या होती, मायनं तांबडीच्या उजव्या शिंगाच्या फटीत आधी करंगळी घातली, मग मधलं बोट, मग मला हाक मारून माझा अंगठा घालायला लावला.

"जातोय का?"

"जातोय."

"मोबाईल ठेवून बघ."

ठेवला. बघितलं. जातोय.